दंडावरची लाली

(दृश्य : पहाट. कापसाचे शेत, ओटी बांधून वेचणीला निघालेल्या बायका.)

यवतमाळ जिल्ह्यातील या गावात दिवाळीनंतर घरोघरची माणसे वेचणीला जातात आणि तान्ही मुले आजीपाशी राहतात. पाच महिन्यांच्या या मुलाला ताप चढला तो याच दिवसांत. पहिल्या आठवड्याचे चित्रण आमच्याकडे नाही; आहे तो आईने तिसऱ्या दिवशी मोबाइलवर काढलेला एक फोटो.

(दृश्य : मोबाइलचा पडदा. नंतर आजी.)

पोटावर आणि मांड्यांवर तांबडे पुरळ, ओठ कोरडे आणि लालभडक. "गोवर निघाला म्हणून आमी निंबाचा पाला उशाशी ठेवला जी," आजी सांगते. तिचा अंदाज अगदीच वावगा नव्हता. मात्र गोवरात नाक वाहते, खोकला येतो, डोळ्यांना पाणी सुटते. या मुलाचे दोन्ही डोळे लाल होते, पण त्यांत ना पाणी होते ना चिपडे. दोन दिवसांत पुरळ मावळले, ताप मावळला नाही. एका दवाखान्यात लघवीत पू-पेशी दिसल्या, मूत्रमार्गाचा संसर्ग समजून औषध सुरू झाले. कोनाड्यातील या दोन बाटल्या त्याच.

(दृश्य : आशाताई अंगणात येते. आजी बाळाचे झबले काढते.)

आठव्या दिवशी गावच्या आशाताईने कुंची आणि झबले काढायला लावले आणि मुलाला उजेडात धरले. डाव्या दंडावर, जन्मानंतर दिलेल्या बीसीजी लशीचा व्रण लाल होऊन सुजला होता. ही खूण ज्या आजाराची, त्या कावासाकीचे नाव तिने तोवर ऐकलेले नव्हते. पण पाच महिन्यांपूर्वीची लस अशी अचानक फुलून येत नाही, एवढे तिला अनुभवाने ठाऊक होते.

(दृश्य : रक्तवाहिन्यांचे रेखाचित्र.)

कावासाकी आजारात शरीरातील मध्यम आकाराच्या धमन्यांना दाह होतो आणि त्याचा सर्वांत मोठा धोका हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना असतो. टोकियोतील बालरोगतज्ज्ञ तोमिसाकु कावासाकी यांनी १९६१ साली चार वर्षांच्या एका मुलात ही लक्षणे प्रथम एकत्र पाहिली, आणि १९६७ साली अशा ५० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांच्या हाती कोणतेही नवे यंत्र नव्हते. त्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले. आजही या आजाराचे निश्चित निदान करणारी एकच अशी रक्ततपासणी नाही. पाच दिवस वा अधिक ताप आणि त्यासोबत लाल डोळे, लाल ओठ व जीभ, पुरळ, हातापायांची सूज, मानेतील गाठ या पाचांपैकी चार लक्षणे, अशी त्याची ठरलेली ओळख आहे. अडचण अशी की ही लक्षणे एका दिवशी एकत्र दिसतीलच असे नाही, आणि सहा महिन्यांखालील मुलांत तर अनेकदा दोन-तीनच दिसतात, धमन्यांचा धोका मात्र याच वयात अधिक असतो. म्हणून इतक्या लहान मुलाचा ताप कारण न सापडता सात दिवस टिकला, तर दुसरे लक्षण नसले तरी रक्तातील दाहाची तपासणी करावी आणि गरजेनुसार इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीही करावी, असे तज्ज्ञ सांगतात.

(दृश्य : नागपूर. इको कक्ष, काळोखात उजळलेला पडदा.)

नवव्या दिवशी नागपूरच्या एका रुग्णालयात डॉक्टरांनी आधी आईचा मोबाइल मागितला, कारण पुरळ आता फक्त त्या फोटोत उरले होते. पडद्यावर दिसणारी ही बारीक नळी म्हणजे डावी हृदय-धमनी. या वयात ती जेमतेम दीड-दोन मिलिमीटर रुंद असते. इथे ती थोडी फुगलेली आहे.

(दृश्य : सलाईनचा स्टँड, थेंब.)

बाटलीतील द्रव म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून वेगळी केलेली प्रतिपिंडे. मात्रा किलोला दोन ग्रॅम; सहा किलोच्या या मुलाला बारा ग्रॅम, तेही दहा-बारा तासांत, सुरुवातीला अगदी संथ. एकेका बाटलीची किंमत काही हजार रुपये आहे. सोबत अॅस्पिरिन, जे एरवी लहान मुलांना देणे टाळतात. इम्युनोग्लोब्युलिन तापाच्या पहिल्या दहा दिवसांत मिळावे लागते. उपचार न झाल्यास सुमारे चौघांतील एका मुलाच्या हृदय-धमन्या फुगतात आणि त्यात गुठळी अडकली तर तान्ह्या मुलालाही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. वेळेवर उपचार झाल्यास धमन्या फुगण्याचे प्रमाण शंभरात चार-पाचांवर येते.

उपचाराविनाही हा ताप बहुधा दुसऱ्या आठवड्यात आपोआप उतरतो, आणि घरात सारे निश्चिंत होतात.

(दृश्य : आशाताईंची बैठक, वह्या.)

याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील स्त्रियांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवले. तापाच्या दिवसांचा आकडा आणि रोजचा एक फोटो, इतकी नोंद त्याहून अवघड नाही.

(दृश्य : बाळाच्या बोटांची टोके, नखांभोवती सुटलेली साल. नंतर लसीकरण कार्ड.)

तिसऱ्या आठवड्यात बोटांची साल अशी निघाली. सहा आठवड्यांनंतरच्या इकोत धमनीची रुंदी पुन्हा मोजली गेली, ती आता वयाप्रमाणे आहे. इम्युनोग्लोब्युलिननंतर गोवर-रुबेलाची लस नीट लागू होत नाही, म्हणून ती साधारण अकरा महिने पुढे ढकलतात. नवव्या महिन्याच्या त्या चौकटीत आशाताई पेन्सिलीने नवी तारीख लिहिते आहे.