घाबरलेलं कुत्रं आणि मनाच्या आजाराची गोळी

कुत्र्याच्या भीतीवर मनाच्या आजाराची गोळी द्यावी का, या विषयावर बोलायला उभं राहिलं की समोर दोन तट पडतात. एकांचं म्हणणं, 'कुत्र्याला कसलं डिप्रेशन? फाजील लाड आहेत सगळे.' दुसरे डॉक्टरकडे येतानाच गोळीचं नाव ठरवून येतात. मला दोघांशीही भांडायचंय. पण पहिल्यांशी जरा जास्त.

ही औषधं काल-परवाची नाहीत. औषधांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने कुत्र्यांसाठी क्लोमिप्रामिन या नैराश्यावरच्या औषधाला 1998 साली मान्यता दिली, फ्लुओक्सेटिनला 2007 साली. फ्लुओक्सेटिन म्हणजे माणसांत प्रोझॅक नावाने गाजलं तेच. दोन्हींना मान्यता मिळाली ती एकाच त्रासासाठी: घरची माणसं बाहेर पडली की काही कुत्र्यांचा जो थरकाप उडतो, त्यासाठी.

'आम्ही गेलो की दार कुरतडून सूड उगवतो,' असं मालक सांगतात. मी म्हणतो, निघताना मोबाइल चालू ठेवून जा आणि परत आल्यावर चित्रण बघा. दाराला कडी लागते, आणि काही मिनिटांतच येरझाऱ्या सुरू होतात. धाप लागते, फरशीवर लाळ सांडते. चौकटीवर नखं चालतात. एखादं नख तुटून रक्त आलं तरी ओरबाडणं थांबत नाही. आता त्या चित्रणात कोपऱ्यातली वाटी बघा. एरवी ज्या खाऊसाठी ते जीव टाकतं, तो तसाच पडलेला असतो. यात सूड कुठे दिसतो?

त्या न खाल्लेल्या खाऊतच औषधाची सगळी बाजू आहे. अशा कुत्र्याला सवय लावायची म्हणजे आधी काही सेकंद एकटं ठेवायचं, मग एखादा मिनिट, मग थोडं अधिक, आणि दर टप्प्यावर ते शांत राहायला हवं. पण तुम्ही चप्पल पायात सरकवताच जे थरथरायला लागतं, त्याला पहिला टप्पा कुठून देणार? भीती टिपेला गेली की शिकणं होत नाही. गोळी त्या भीतीची पातळी थोडी खाली आणते, एवढंच तिचं काम. शिकवायचं काम तुमचं तुम्हालाच करावं लागतं. म्हणूनच या दोन्ही औषधांच्या मान्यतेत वर्तन-प्रशिक्षणाबरोबरच द्यायचं, अशी अट आहे. नेमकी तीच अट लोक सोयीस्करपणे विसरतात!

शिवाय धीर नसतो. गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, आणि भूक मंदावणं, सुस्ती हे त्रास मात्र त्याआधीच दिसतात. पहिल्या आठवड्यात बघणाऱ्याला वाटणारच, की बिचाऱ्याला उगाच मारलंय औषधाने. तिथेच बरेचजण परस्पर गोळी बंद करतात.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मी बिनशर्त मान्य करतो. 'औषध देऊन जनावराला नुसतं पाडून ठेवता' हा आरोप एका काळाबद्दल खरा आहे. फटाक्यांना, ढगांच्या गडगडाटाला घाबरणाऱ्या कुत्र्यांना वर्षानुवर्षं एसेप्रोमाझिन दिलं गेलं. ते गुंगी आणतं. भीती कमी करण्याचा गुण त्यात जवळपास नाही. म्हणजे कुत्रं हलत नाही, मालक निर्धास्त होतो, आणि कुत्र्याच्या आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. पुढे आवाजाच्या भीतीसाठी निराळी औषधं आली. डेक्समेडेटोमिडिनचं हिरडी आणि गालाच्या मधे सोडायचं जेल त्यातलंच. पण 'शांत झालं' म्हणजे नक्की काय झालं, हा प्रश्न प्रत्येक औषधाला विचारायलाच हवा. कुत्रं खातंय का, खेळतंय का, हाकेला शेपूट हलवतंय का? यातलं काहीच नसेल, तर आराम पडलाय तो तुम्हाला.

आता गोळी मागत येणाऱ्यांकडे वळतो. अचानक चावायला लागलेलं कुत्रं, ट्रेच्या बाहेर लघवी करणारी मांजर... ही मनाची दुखणी असतीलच असं नाही. सांधा दुखत असेल, दाढ किडली असेल, मूत्राशयाला सूज असेल. वर्तनाच्या तक्रारींमागे दुखणं किती वेळा लपलेलं असतं, यावर ब्रिटनचे प्राणी-वर्तनतज्ज्ञ डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 साली सविस्तर लिहिलंय. तपासणीआधी फ्लुओक्सेटिन सुरू करणं म्हणजे ठणकणाऱ्या दाढेवर मनाचं औषध देणं. आणि दिवसभर कोंडून ठेवलेलं तरुण कुत्रं सोफा फाडत असेल, तर त्याला आधी फिरायला न्या. त्याला गोळी देणाऱ्या डॉक्टरशी माझं मुळीच जमणार नाही.

घरातल्या माणसाच्या औषधांतून अंदाजाने गोळी मोडून देणारेही भेटतात. कृपा करून तसं करू नका. माणसांच्या काही पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असतं, ते कुत्र्याला विषासारखं आहे. तोंडाने दिलेल्या डायझेपाम या चिंतेवरच्या औषधाने मांजरांचं यकृत निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या स्मृतिभ्रंशावर सेलेजिलिन देतात. ते चालू असताना फ्लुओक्सेटिन दिलं तर जिवावर बेतू शकतं.

'एकदा सुरू केलं की जन्मभर का?' असं नेहमी विचारतात. बऱ्याच कुत्र्यांचं काही महिन्यांनी, सवय पक्की झाली की, डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करत बंद करता येतं. काहींचं नाही येत. त्यांना चालू ठेवावं लागतं, अधूनमधून रक्त तपासावं लागतं.