काबुकिचोतील मुरलेले गिऱ्हाईक

तोक्योच्या शिंजुकू स्थानकातून पूर्वेकडे बाहेर पडले की थोड्याच अंतरावर काबुकिचो ही रात्रीच्या करमणुकीची वस्ती लागते. युद्धात बेचिराख झालेल्या या वस्तीत काबुकी नाट्यगृह उभारायचे ठरले होते; ते कधी झालेच नाही, नाव मात्र १९४८ पासून टिकले. रस्त्यात गाठणाऱ्या दलालांच्या मागे जाऊ नका, अशी सूचना इथे ध्वनिक्षेपकांवरून दिली जाते. मुरलेल्या गिऱ्हाइकाला तिची गरज नसते, कारण त्याचे दार ठरलेले असते.

क्याबाकुरा, म्हणजे गिऱ्हाइकाशेजारी बसून गप्पा मारणाऱ्या आणि पेय ओतून देणाऱ्या होस्टेस असलेल्या क्लबमध्ये, पैसे पडतात ते वेळेचे. बसण्याच्या मुदतीचा एक दर, आवडीच्या होस्टेसला नाव घेऊन बोलावण्याचे, म्हणजे ‘शिमेई’चे, वेगळे शुल्क, तिच्या पेयाचे आणखी वेगळे आणि या साऱ्यावर सेवाशुल्क, त्यामुळे जुने गिऱ्हाईक मनात हिशेब मांडूनच आत शिरते.

शेजारी बसलेली होस्टेस गरम ओला रुमाल उलगडून त्याच्या हाती देते, बर्फावर व्हिस्की आणि पाणी ओतून लांब काडीने ढवळते, ग्लासवर बाहेरून साचलेले पाणी टिपते आणि मगच तो पुढे सरकवते. ग्लास भिडवताना आपल्या ग्लासची कड ती त्याच्या कडेपेक्षा खाली धरते. त्याच्या मुलीची परीक्षा कशी झाली, हेही ती आठवणीने विचारते. हे विचारणे तिच्या कामाचाच भाग आहे, हे तो जाणून असतो, आणि तरीही त्याला ते हवे असते. दोघांनाही ठाऊक असलेल्या या व्यवहाराला फसवणूक म्हणणे मला पटत नाही.

तोक्योतल्याच गिंझा या उंची वस्तीतील जुन्या क्लबांत उधारीची रीत आहे, आणि तिची वसुली बहुधा त्या गिऱ्हाइकाला सांभाळणाऱ्या होस्टेसच्या गळ्यात असते. म्हणूनच तिथले जाणते गिऱ्हाईक बिल वेळेवर चुकते करते; त्याने हात आखडला तर भुर्दंड तिला बसतो.

स्त्रियांसाठीच्या, पुरुष सरबराई करतात अशा होस्ट क्लबांत हीच उधारी उलट्या बाजूने गळफास झाली. प्रेमाचा भास निर्माण करून महागड्या बाटल्या उघडायला लावायच्या आणि कर्जबाजारी झालेल्या तरुणींना देहविक्रयाकडे ढकलायचे, असे प्रकार उघडकीस आले. अखेर जून २०२५ मध्ये अशा व्यवसायांवर नियंत्रण ठेवणारा सुधारित कायदा लागू झाला आणि गिऱ्हाइकाच्या प्रेमभावनेचा असा गैरफायदा घेण्यास बंदी आली.