सावरण्याचे दोन वेग

हवामानबदलावरच्या कथा-कादंबऱ्या म्हटल्या की बुडालेली शहरे, पेटलेली जंगले आणि घोटभर पाण्यासाठी एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसे डोळ्यांसमोर येतात. मात्र या साहित्यात दुसराही एक प्रवाह आहे. त्यात उजाड झालेला मुलूख पुन्हा उभा करण्याचे काम चालते आणि ते काम हाती घेणारी माणसे आतून मोडलेली असतात. जमीन सावरली की माणूसही सावरतो का, हा प्रश्न हे लेखक वेगवेगळ्या तऱ्हेने हाताळतात.

हवामानबदल हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधी, १९५३ मध्ये, फ्रेंच लेखक जाँ जिओनो यांनी एका मेंढपाळाची गोष्ट लिहिली. मुलगा आणि बायको गमावलेला हा एकाकी माणूस प्रोव्हान्सच्या ओसाड माळावर ओकच्या बिया टोचत राहतो. एक लाख बियांपैकी वीस हजार रुजतात आणि त्यांतल्याही निम्म्या हातच्या जाणार, हे तो गृहीत धरून असतो. पुढे झरे वाहू लागतात, ओस पडलेल्या गावात बिऱ्हाडे परततात. ही कथा इतकी पटण्याजोगी होती की अनेकांनी ती खरीच मानली. तरीही तिच्यात मेंढपाळाचा शोक दोन-तीन वाक्यांत उरकला जातो आणि रानाबरोबर माणसेही आपोआप बरी होतात, हे जरा सोपेच वाटते.

नंतरच्या लेखिकांनी ही सोपी वाट नाकारली. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या १९९३ मधल्या ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ची नायिका लॉरेन हिला समोरच्याच्या वेदना स्वतःच्या शरीरात जाणवतात. शार्लट मॅकोनाही यांच्या २०२१ मधल्या ‘वन्स देअर वेअर वुल्व्ह्ज’ या कादंबरीतली जीवशास्त्रज्ञ इंटी हिलाही दुसऱ्याला झालेला स्पर्श आणि आघात आपल्याच त्वचेवर उमटल्यासारखा भासतो. अठ्ठावीस वर्षांच्या अंतराने दोघींना नेमके असेच शरीर मिळावे, हा मला केवळ योगायोग वाटत नाही. दुसऱ्याची जखम ज्याला टाळताच येत नाही, अशाच माणसाच्या हाती हे लेखन जमिनीची शुश्रूषा सोपवते.

इंटी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात लांडगे परत आणते. तिथला लांडगा काही शतकांपूर्वीच नामशेष झाला. शिकारीच उरला नाही, म्हणून हरणांचे कळप वाढले आणि कोवळी रोपे ते वर येण्याआधीच खुडू लागले. लांडगे आले की हरणे एका जागी रेंगाळत नाहीत आणि रोपांना मान वर काढायला उसंत मिळते, असे या प्रयोगामागचे गणित आहे. ते कागदावर चोख असले, तरी मेंढ्या पाळणाऱ्या गावकऱ्यांना ते मान्य नाही, आणि इंटीच्या घरात तर बोलणेच सोडून दिलेली तिची जुळी बहीण आहे. तिच्या मौनावर रानाकडे औषध नाही.

किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांच्या ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर’ (२०२०) मध्ये ही तफावत सर्वांत कठोरपणे दिसते. उत्तर प्रदेशातल्या काल्पनिक उष्णतेच्या लाटेतून वाचलेला मदतकर्मी फ्रँक त्या आठवणीतून पुरता कधीच बाहेर पडत नाही. कादंबरीच्या अखेरच्या टप्प्यात वातावरणातला कार्बन उतरू लागतो. फ्रँक मात्र आजारपणात मरण पावतो.

बटलर यांच्या कादंबरीच्या शेवटी लॉरेन आणि तिचे सोबती आपल्या मृतांसाठी ओकची झाडे लावतात आणि तिथेच वस्ती करतात. १९९८ च्या पुढच्या भागात धर्मांध टोळी ती वस्ती बळकावून तिचा कैदखाना करते, आणि सुटका झाल्यावर लॉरेनला सगळे पुन्हा नव्याने उभारावे लागते.