तिळाएवढ्या बीपासून शंभर मीटरचं झाड

नमस्कार मुलांनो! आधी माझ्या तळहाताकडे बघा. (हात कॅमेऱ्याजवळ) खालून निमुळतं, वरून सपाट, लाकडासारखं टणक. ओळखलंत? हे निलगिरीचं बोंड. काल आमच्या रस्त्यावरच्या झाडाखाली सापडलं. आता ते या पांढऱ्या कागदावर झटकते. टक, टक... पडली पूड? यातला बराचसा भुसाच आहे, पण हे काळपट ठिपके दिसतायत ना, त्या बिया. तिळापेक्षाही बारीक.

सर्दी झाली की आई रुमालावर ज्या तेलाचे दोन थेंब टाकते, तेही याच कुळातल्या झाडांच्या पानांचं. निलगिरी हे नाव आपलं. दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांत इंग्रजांनी ही झाडं लावली, त्यावरून पडलेलं. पण झाडांचं माहेर ऑस्ट्रेलिया, आणि तिथे त्यांच्या सातशेहून जास्त जाती आहेत. आज त्यातल्या एकीचीच गोष्ट सांगणार आहे, कारण ती मला फार आवडते.

तिचं नाव माउंटन ॲश. ॲश म्हणजे राख, असं म्हणाल तर थांबा! युरोपात ॲश नावाचं एक वेगळंच झाड असतं. याचं लाकूड त्यासारखं दिसलं म्हणून तिथे गेलेल्या इंग्रजांनी हे नाव दिलं. शास्त्रीय नाव युकॅलिप्टस रेग्नन्स. रेग्नन्स म्हणजे राज्य करणारा.

आणि राज्य करतंच ते. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेला व्हिक्टोरिया आणि टास्मानिया इथल्या थंड, पावसाळी डोंगरांत ते वाढतं. टास्मानियातल्या एका झाडाला सेंच्युरियन म्हणतात. 2008 मध्ये विमानातून लेझरने जंगल मोजताना ते सापडलं. उंची किती? सुमारे 100 मीटर! म्हणजे तीस मजली इमारतीहून उंच. फुलं येणाऱ्या झाडांमध्ये इतकी उंच झाडं जगात अगदी मोजकी आहेत. 2019 च्या वणव्यात सेंच्युरियनचा बुंधा चांगलाच भाजला, पण झाड तगलं.

तगलं याचं नवल का, ते सांगते. निलगिरीच्या बहुतेक जाती आगीला दाद देत नाहीत. वणवा येऊन गेला, खोड कोळशासारखं काळं झालं, तरी काही आठवड्यांत त्याच काळ्या खोडावर हिरवी पालवी फुटते. माउंटन ॲशला हे सहसा जमत नाही. त्याची साल पातळ. वरच्या भागात तर ती लांबच लांब पट्ट्यांनी सुटून लोंबत राहते, आणि आग त्या पट्ट्यांवर चढत जाते. मोठा वणवा आला की झाड मरतं.

मग ही जात टिकली कशी? (बोंड पुन्हा कॅमेऱ्यासमोर) उत्तर इथे आहे. झाडाच्या शेंड्यावर अशी असंख्य बोंडं असतात, आणि आग खालून सरकत जाईपर्यंत ती आतल्या बिया सांभाळतात. झाड मेलं की बोंडं वाळतात, उघडतात, आणि बिया भुरुभुरु खाली पडतात. खाली काय असतं? मऊ राख, आणि झाडंझुडपं जळून गेल्यामुळे भरपूर ऊन. एरवी दाट सावलीत या रोपांचा निभाव लागत नाही. आता मात्र जिकडे तिकडे रोपंच रोपं! लहान असताना ती वर्षाला मीटरभर, कधी त्याहूनही जास्त वाढतात.

पण एक अडचण आहे, आणि ती मला खरंच काळजीची वाटते. नव्या झाडांना पुरेसं बी धरायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात. त्याआधीच दुसरा वणवा आला तर? झाडं जळणार आणि बोंडं नसणार. तिथलं माउंटन ॲशचं जंगलच संपतं. हवामान जसं तापतंय, तसे वणवे लवकर लवकर येऊ लागलेत. व्हिक्टोरियात 1939 आणि 2009 साली प्रचंड वणवे लागले. पुष्कळ माणसं गेली, आणि ही जंगलंही मोठ्या प्रमाणात जळाली.

आता या झाडाचा एक भाडेकरू. लेडबीटर्स पॉसम. दिसायला खारीसारखा, पण कांगारूसारखी पिल्लांसाठी पोटाला पिशवी असलेला. वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. तो कायमचा संपला असं लोकांना वाटत होतं, आणि 1961 मध्ये अचानक पुन्हा दिसला! दिवसा अख्खं कुटुंब झाडाच्या ढोलीत सालीचं घरटं करून झोपतं, रात्री बाहेर पडतं. ढोली हवी तर झाड म्हातारं हवं. माउंटन ॲशला चांगली ढोली पडायला शंभरहून जास्त वर्षं जातात. 1939 च्या वणव्यानंतर उगवलेली झाडं आज तुमच्या आजोबांहून मोठी आहेत, तरी ढोलीच्या हिशोबाने अजून लहानच.

म्हणून काही ठिकाणी माणसांनी झाडांवर लाकडी पेट्या बसवल्या. वर झाकण, बाजूला छोटंसं भोक. आणि पॉसम त्यात राहायला आले. येताना आपलं सालीचं अंथरूण घेऊन!