फ्रिजच्या दारातली बाटली

नमस्कार मंडळी. विषय दिलाय 'मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सुजेचे थेंब कसे वापरावेत'. त्याकडे येतेच. पण आधी ऑपरेशनच्या उरलेल्या बाटलीबद्दल बोलू द्या. कितीजणांच्या फ्रिजच्या दारात ती आहे? हात वर करा. बघा, अर्धं सभागृह!

माझ्याकडे एक काका आले. डोळा लालभडक, सारखं पाणी, उजेड सोसवत नव्हता. घरात काकूंच्या ऑपरेशनची प्रेडनिसोलोनची, म्हणजे सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडची, बाटली होती. तिला गुण आला म्हणून यांनीही दिवसातून चारदा घातली. लाली उतरली, काका खूश. मग दिसायलाच कमी झालं. मी डोळ्यात रंग घालून निळ्या उजेडात पाहिलं, तर बुबुळावर झाडाच्या फांद्यांसारखी हिरवी रेघ! ती हर्पीसच्या विषाणूची जखम. स्टेरॉइडनं वरची लाली दबली आणि आत विषाणूला मोकळं रान मिळालं. जखम भरली, पण बुबुळावर डाग कायमचा राहिला. फार वाईट वाटतं हो, कारण हे टाळता आलं असतं.

मेडिकलवाल्यांवरही माझा राग आहे. खोक्यावर लाल रेघ असते, चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलेलं असतं. तरी 'डोळे आलेत' म्हटलं की काउंटरवर स्टेरॉइड मिळतं! आणि हे थेंब तपासणीशिवाय आठवडेच्या आठवडे चालू राहिले, तर काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो. तो दुखत नाही, कळत नाही. त्यातून काचबिंदू झाला तर गेलेली नजर परत येत नाही. म्हणून उपचार संपला की बाटली टाकून द्या. शेजारच्या वहिनींनी मागितली तरी देऊ नका.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. मग मूळ विषय भराभर सांगते.

सुजेचे थेंब दोन जातींचे. स्टेरॉइड हळूहळू उतरवायचं असतं, बहुतेकदा चार ते सहा आठवड्यांत. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलंत तर सूज उलटते. दुसरे नेपाफेनॅक, ब्रोमफेनॅकसारखे, स्टेरॉइड नसलेले. पडद्याला सूज येऊ नये म्हणून ते देतात, मधुमेह असेल तर विशेष करून. तेही मनानं लांबवायचे नाहीत, क्वचित बुबुळाला इजा होते.

हात धुवा. औषध दुधाळ असेल तर बाटली हलवा. खालची पापणी ओढून वर बघा, एकच थेंब. थेंब ४० ते ५० मायक्रोलिटरचा असतो, डोळ्यात मावतं जेमतेम ३०. दुसरा थेंब गालावरच जातो. टोक पापणीला लावू नका. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिट-दोन मिनिटं दाबा. पुढचं औषध पाच मिनिटांनी, मलम सगळ्यात शेवटी. एखादी वेळ चुकली तर दुप्पट घालू नका.

दुखणं किंवा लाली वाढली, दिसणं कमी झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रविवार असला तरी.

चिठ्ठ्या आणल्यात त्यांनी थांबा, प्रत्येकाला थेंबांचं वेळापत्रक मोठ्या अक्षरांत लिहून देते.