जुनी बाईक घेतली आणि सेल्फ घेत नाही? नवी बॅटरी टाकण्याआधी हे तीन आकडे बघा

नमस्कार मंडळी. सेकंड हँड गाडी घेतली, चार दिवस झकास चालली, आणि पाचव्या दिवशी सकाळी सेल्फ मारला तर नुसतं कट-कट-कट. गॅरेजवाला हॉर्न वाजवून बघतो, सांगतो "बॅटरी गेली, नवीन टाका". टाकली. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. बॅटरी मेली होती हे खरं, पण तिला मारणारा अजून गाडीतच बसलाय आणि आता तो नव्या बॅटरीच्या मागे लागलाय.

तर आज आपण बॅटरी तपासणार आहोत, पण अंदाजाने नाही. समोर २०१८ ची, १५० सीसीची, कार्ब्युरेटरवाली, सेल्फ आणि किक दोन्ही असलेली गाडी धरून चालू. इंजेक्शनवाल्या गाडीत काय वेगळं, ते ओघात सांगतो.

सामान काय लागेल? एक डिजिटल मल्टीमीटर, तीनशे ते पाचशे रुपयांचा पुरतो. १० नंबरचा पाना, स्टार स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपरचा तुकडा आणि थोडं व्हॅसलिन. बस.

मीटर लावायच्या आधी साईड पॅनल उघडा आणि नुसतं बघा. जुन्या गाडीत इथेच बरंच कळतं.

(बॅटरीचा खण जवळून दाखवायचा)

बॅटरीभोवती थर्माकोल, पुठ्ठा किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा कोंबलेला दिसतोय? म्हणजे कुणीतरी विकण्याआधी कंपनीच्या मापापेक्षा लहान बॅटरी बसवून पैसे वाचवलेत. बॅटरीवर एएचचा, म्हणजे अँपिअर-अवरचा आकडा छापलेला असतो, ती किती वीज साठवते ते त्यावरून कळतं. स्प्लेंडरसारख्या गाडीला ३ एएच चालते, सेल्फवाल्या जुन्या क्लासिक ३५० ला १४ लागते. तुमच्या गाडीला किती हवी ते ओनर्स मॅन्युअलमध्ये असतं. ९ च्या जागी ५ बसवलेली असेल तर पहिले काही दिवस सेल्फ घेईल, पण तिच्या अंगात तेवढा दम नाही. बॅटरीला बांधणारा रबरी पट्टा आहे का तेही बघा. पट्टा नसेल तर आपल्या रस्त्यांवर ती खणात आदळत राहते आणि आतल्या प्लेटा सुटतात.

बॅटरी वरून पाणी टाकायची, झाकणांवाली असेल तर पातळी वरच्या आणि खालच्या रेघेच्या मध्ये हवी. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर. ॲसिड कधीच वरून घालायचं नाही, कारण उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. सहापैकी एकाच खान्यात पाणी सारखं कमी होत असेल तर तो सेल गेलाय. सगळ्याच खान्यांत भराभर कमी होत असेल तर गाडी जास्त चार्ज करतेय, त्याकडे येतोच. मेंटेनन्स फ्री बॅटरीचं झाकण उचकटून आत पाणी घालणारे महाभाग असतात. तसं करू नका.

आता टर्मिनल. वायरीला बोटाने हलवून बघा. छोट्या बॅटरीत टर्मिनलच्या खाचेत एक चौकोनी नट असतो, तो हरवला की लोक वायर नुसती पिळून ठेवतात. वायर जरा जरी हलली तरी हॉर्न वाजेल, लाईट लागतील, पण सेल्फ घेणार नाही. हॉर्नला दोन-चार अँपिअर पुरतात. सेल्फच्या मोटरला क्षणभर का होईना पन्नासच्या घरात किंवा त्याहून जास्त लागतात, आणि एवढा करंट सैल जोडातून जात नाही.

पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर खोलून साफ करा. खोलताना आधी मायनस, मग प्लस. बसवताना आधी प्लस, मग मायनस. मायनस जोडलेली असताना प्लसवरचा पाना चॅसीला टेकला तर थेट शॉर्ट, ठिणगी उडते, पाना तापतो, बॅटरीही फुटू शकते. मायनस आधी सुटलेली असेल तर पाना टेकला तरी काही होत नाही. पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलिन. आधी व्हॅसलिन नाही.

आता पहिला आकडा.

गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी किल्ली न लावता मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल टोक प्लसला, काळं मायनसला. १२.६ ते १२.८ आलं तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२.० म्हणजे तळाला आली. आणि १०.५ च्या आसपास अडकून बसली असेल तर चार्जिंगच्या नादी लागू नका. १२ व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे सहा सेल असतात, त्यातला एक मेला की बरोबर तेवढे दोन व्होल्ट गायब होतात.

रात्रभर का? गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर प्लेटांवर वरवरचा चार्ज असतो आणि मीटर १३ पण दाखवतो. विकणारा तुम्ही यायच्या आधी गाडी अर्धा तास चालू ठेवतो, त्यामागे हेही कारण असू शकतं. गाडी बघायला जाल तेव्हा इंजिनला हात लावून बघा. गरम असेल तर चहा घ्या, ती गार होऊ द्या, मग सेल्फ मारा.

पहिला आकडा १२.४ च्या खाली असेल तर बॅटरी बाहेर काढून आधी पूर्ण चार्ज करा, नाहीतर पुढचे आकडे फसवतील. चार्जिंगचा करंट एएचच्या दहाव्या भागाइतका: ५ एएचच्या बॅटरीला अर्धा अँपिअर, दहा-बारा तास. दुकानात ट्रक-कारच्या चार्जरला दोन तास लावून देतात, त्यात छोटी बॅटरी तापते आणि फुगते. चार्जर काढल्यावर चोवीस तास तशीच ठेवा आणि पुन्हा मोजा. नुसती बसून ती १२.४ च्या खाली घसरली तर तिचं आयुष्य संपलं. यार्डात महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या, हप्ते थकल्यामुळे ओढून आणलेल्या गाड्यांत हे हमखास होतं. उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचा कडक थर बसतो, आणि तो चार्जरनेही निघत नाही.

दुसरा आकडा, सेल्फ मारताना. मीटर तसाच टर्मिनलवर धरा. वायरीच्या लगवर, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीवर नाही, बॅटरीच्या टर्मिनलवरच. मित्राला सेल्फ दाबायला सांगा, दोन-तीन सेकंद. स्वस्त मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे झटक्यात दाबून सोडलं तर सगळ्यात खालचा आकडा निसटतो. सेल्फ फिरत असताना १० च्या वर राहिलं तर उत्तम. ९.६ पर्यंत चालवून घेऊ. त्याच्या खाली, सात-आठवर आपटलं, आणि बॅटरी आत्ताच पूर्ण चार्ज केलेली आहे, तर बॅटरी गेली. निवांत असताना १२.६ दाखवणारी बॅटरीसुद्धा इथे नापास होते, म्हणून पहिल्या आकड्यावर विसंबू नका.

आता गंमत बघा. सेल्फ आळसावल्यासारखा फिरतोय किंवा एकदाच टक् वाजून गप्प झालाय, पण मीटर मात्र साडेअकरा-बारा दाखवतोय. म्हणजे बॅटरी द्यायला तयार आहे, करंट मोटरपर्यंत पोचत नाही. इथे नवी बॅटरी टाकली की पैसे पाण्यात.

(मीटरची टोकं कुठे लावली ते जवळून)

काळं टोक बॅटरीच्या मायनसला, लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ दाबा. ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंग खराब. मायनसची वायर चॅसीला किंवा इंजिनला जिथे बोल्टने धरली आहे तिथे रंग, गंज किंवा चिखल असतो. आपल्याकडे चार महिने पाऊस, कोकणात वर खारी हवा, तिथे हा बोल्ट आधी बघायचा. मग लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं सेल्फ मोटरच्या बोल्टला. अर्धा व्होल्टपेक्षा जास्त आलं तर दोष रिलेत, म्हणजे बटण दाबलं की मोटरकडे मोठा करंट सोडणाऱ्या स्विचमध्ये, किंवा जाड वायरीत. रिलेचे आतले कॉन्टॅक्ट जळालेले असतात. दोन्ही बाजू ठीक निघाल्या तर मोटर खोला, कार्बन ब्रश झिजलेले असतील.

तिसरा आकडा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, आणि गॅरेजमध्ये सगळ्यात कमी वेळा बघितला जातो. गाडी चालू करा, दोन-तीन मिनिटं गरम होऊ द्या. मीटर बॅटरीवर. स्लोवर, म्हणजे रेस न देता, १२.८-१३ दिसलं तरी चालेल. आता रेस द्या, ३००० ते ५००० आरपीएम. १३.५ ते १४.८ यायला हवं. हॉर्न वाजवा, ब्रेक दाबा, इंडिकेटर लावा, तरी १३ च्या वर टिकायला हवं.

रेस दिली तरी १२.३ वरून हलत नाही? चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेलं? आर-आर युनिट गेलंय, म्हणजे व्होल्टेज आवरून धरणारा तो पंखांचा ॲल्युमिनियमचा डबा. बॅटरी उकळते, पाणी उडतं, मेंटेनन्स फ्री असेल तर फुगते, बल्बही सारखे जातात. नवी बॅटरी दोन महिन्यांत मेली ती बहुधा या दोघांपैकी एकामुळे.

चार्जिंग होत नसेल तर आधी कपलर, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणारा प्लॅस्टिकचा जोड शोधा. इंजिनच्या फिरण्यावर वीज तयार करणारा मॅग्नेटो थ्री फेज असेल तर इंजिनमधून तीन वायरी निघतात, बऱ्याच गाड्यांत तिन्ही पिवळ्या. त्या जिथे आर-आर युनिटच्या कपलरला मिळतात तिथे प्लॅस्टिक तपकिरी, वितळलेलं, आतली पिन काळी पडलेली दिसते. कित्येकदा दोष एवढाच असतो आणि खर्च शंभर-दोनशेचा. कपलर ठीक असेल तर तो सोडवा, मीटर ओहमवर घ्या, आणि मॅग्नेटोकडून आलेल्या वायरी दोन-दोन करून मोजा. तिन्ही जोड्यांत जवळपास सारखा, एखाद्या ओहमच्या आतबाहेर आकडा यायला हवा. मग एकेक वायर आणि इंजिनचा धातू: काहीच दाखवायला नको. दाखवलं तर कॉइल अर्थ झालीय. शेवटी मीटर एसी २०० व्होल्टवर ठेवून गाडी चालू करा. रेसबरोबर तिन्ही जोड्यांत व्होल्टेज सारखंच चढायला हवं. एक जोडी मागे राहिली तर कॉइल. तिन्ही ठीक आणि तरी बॅटरीपर्यंत काही येत नाही, तर आर-आर युनिट, किंवा मधला फ्यूज.

एक सांगून ठेवतो: गाडी चालू असताना बॅटरीची वायर काढून "बघा, बंद पडत नाही, म्हणजे चार्जिंग आहे" असं कुणी दाखवायला लागलं तर हात धरा. व्होल्टेज एकदम उसळतं. जुन्या गाडीत बल्ब जातील, इंजेक्शनवाल्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, आणि तो काही हजारांना पडतो.

हेडलाइटवरून बॅटरीचा अंदाज बांधू नका. बऱ्याच कम्युटर गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटोवर चालतो, म्हणून स्लोवर मंद आणि रेस दिली की लख्ख, हे तिथे नॉर्मल आहे. १ एप्रिल २०१७ पासून हेडलाइट सतत चालू ठेवणं सक्तीचं झालं, त्यामुळे नंतरच्या कित्येक गाड्यांत इंजिन बंद असताना तो लागतच नाही. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेक लाईट बघा.

तिन्ही आकडे ठीक, आणि तरी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते? मग कुणीतरी चोरून वीज पितंय. किल्ली बंद करून काढा. मायनस सोडवा. मीटरचं लाल टोक १० अँपिअरच्या भोकात घाला आणि मीटर मायनस वायर आणि मायनस टर्मिनलच्या मध्ये जोडा. या जोडणीत चुकूनही सेल्फ दाबू नका, मीटर जळेल. आकडा अगदी बारीक असेल तर मिलीअँपिअरवर या. साध्या गाडीत जवळपास शून्य, डिजिटल मीटरच्या गाडीत काही मिलीअँपिअर. ५० मिलीअँपिअर दिसले तर हिशोब करा: चोवीस तासांत १.२ एएच. ५ एएचची बॅटरी चार दिवसांत साफ, आणि सेल्फ तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच बंद.

जुन्या गाडीत हा चोर बहुतेक वेळा आधीच्या मालकाने बसवलेला असतो. थेट बॅटरीवरून घेतलेला मोबाईल चार्जर, रिमोटचं अलार्म लॉक, फॉग लाईट. फायनान्सवर घेतलेल्या गाडीत सीटखाली जीपीएस ट्रॅकरही निघतो. तो सापडला तर उपटायच्या आधी आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरलाय का ते बघा. नंतर लावलेल्या वायरी एकेक सोडवत जा, ज्या क्षणी आकडा पडेल ती वायर. काहीच सापडलं नाही तर आर-आर युनिटचं कपलर काढून बघा, आतला डायोड शॉर्ट झाला की तोही गळती करतो. ठेवायच्या असतील त्या ॲक्सेसरीज रिलेमार्फत किल्लीवर घ्या. २०-२० वॉटचे दोन फॉग म्हणजे सव्वातीन अँपिअर, आणि स्लोवर छोट्या गाडीचा मॅग्नेटो तेवढं जास्तीचं देत नाही. दोन किलोमीटरचं ऑफिस, तीन सिग्नल, फॉग चालू, सेल्फ चारदा. यात नवी बॅटरीसुद्धा उतरणार.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या बहुतेक इंजेक्शनवाल्या, त्यात बॅटरी पार उतरली तर ढकलूनही उपयोग नाही, कारण फ्युएल पंप आणि ईसीयूला आधी वीज हवी. कित्येकांना किकही नाही. किल्ली लावल्यावर टाकीतून पंपाचा दोन-तीन सेकंदांचा घूंऽ आवाज येतो का ते ऐका. नसेल, आणि मीटर ११ च्या खाली असेल, तर आधी चार्ज करा, बाकीचे दोष नंतर शोधा.

एवढं करून बॅटरीच गेलीय असं ठरलं, तर कंपनीच्या एएचचीच घ्या, प्लस-मायनस कुठल्या बाजूला आहे ते जुनीशी ताडून. दुकानात कोरडी बॅटरी समोर ॲसिड भरून देत असतील तर अर्धा तास मुरू देऊन पहिलं चार्जिंग पूर्ण करूनच बसवा, घाईत बसवलेली बॅटरी पुढे कधीच पूर्ण क्षमतेला येत नाही. बॅटरीतला गॅस बाहेर सोडणारी हवेची नळी असेल तर ती कुठे दबली नाही ना ते बघा आणि टोक चेनपासून दूर खाली सोडा. जुनी बॅटरी परत देऊन बिलातून तिचे पैसे वजा करून घ्या, वॉरंटी कार्डावर विक्रीच्या तारखेचा शिक्का मारून घ्या. आणि दुकानातून निघायच्या आधी, तिथेच, रेस देऊन तिसरा आकडा पुन्हा एकदा मोजा.