कीबोर्डच्या ट्रेमध्ये बोरू

(डोंबिवली. दुसऱ्या मजल्यावरची खोली. कॅमेरा टेबलाच्या उंचीवर.)

हे टेबल नीट बघा. खाली कीबोर्डसाठीचा सरकता ट्रे आहे. तो ओढला की आत बोरू म्हणजे तिरप्या टोकाच्या लेखण्या, शाईच्या बाटल्या, एक ब्लेड आणि डागाळलेलं फडकं. कीबोर्ड केव्हाच माळ्यावर गेला. घरात मात्र याला अजून ‘कॉम्प्युटर टेबल’च म्हणतात.

इथे बसणारे सुलेखनकार लग्नपत्रिका करतात, दुकानांच्या पाट्या करतात, गणेश मंडळांची नावं करतात. आज एका कमानीवरचं नाव आहे. सकाळी बोरूने कागदावर तीन वेळा लिहून झालं. आता टॅब.

(अगदी जवळून: पेनाचं टोक आणि काच.)

टोक अजून काचेला लागलेलं नाही. नखभर वर आहे. तरी पडद्यावरचा बारीक ठिपका त्याच्याबरोबर फिरू लागलाय. पेनात बॅटरी नाही. काचेखाली तारांची जाळी आहे, ती चुंबकीय क्षेत्र तयार करते. पेनातलं वेटोळं त्या क्षेत्रातूनच वीज उचलतं आणि उलट निरोप धाडतं: मी इथे आहे, इतका कललोय, इतका दाब पडलाय. वॅकॉम या जपानी कंपनीने रुजवलेलं हे तंत्र. या पेनाला दाबाच्या ४०९६ पायऱ्या कळतात.

(बोरू छाटताना. ब्लेडचा आवाज राहू द्यावा.)

बोरूला पायऱ्या नव्हत्या, काप होता. टोक तिरपं छाटायचं, आणि त्या एका तिरकेपणातून देवनागरीची जाडी-बारकी उतरायची. टॅबवर तोच काप आता ब्रशच्या सेटिंगमध्ये आकड्यात बसलाय. तो जमेपर्यंत दोन महिने गेले, असं ते सांगतात. ब्लेडने पाच मिनिटांत होतो.

हातातला काळा मोजा दोनच बोटांचा आहे. करंगळी आणि शेजारचं बोट. घामेजलेला तळवा काचेवर नीट सरकावा म्हणून.

(पडद्यावर एकच जोडाक्षर: ष्ट्र.)

नुसता ‘ष्ट्र’ टाइप करायला इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या कीबोर्ड-मांडणीवर, पाच कळा लागतात. शिफ्ट धरून ष. त्याचा पाय मोडा. मग ट. त्याचाही पाय मोडा. मग र. इनस्क्रिप्टवाल्यांनी रागावू नये, मांडणी उत्तमच आहे आणि १९९१ पासून भारतीय मानकात आहे. पण ज्या फळीवर ती बसवली, ती फळी इंग्रजी टाइपरायटरची. संगणक म्हणजे कीबोर्ड, ही समजूत आपल्या अक्षरांना विचारून ठरलेली नाही.

(जुनी कृष्णधवल फिल्म.)

आणि पेन काही नंतर आलेला पाहुणा नाही. हे १९६३ सालचं अमेरिकेतलं एमआयटी. इव्हान सदरलँड यांचा स्केचपॅड, संगणकावर चित्र काढायचा प्रोग्रॅम. पडद्याला प्रकाश-पेन टेकवला की रेघ उमटते, ओढली की ताणते. पुढच्याच वर्षी रँड कॉर्पोरेशनची पाटी आली: तिच्यावर पेनाने लिहायचं, अक्षरं पडद्यावर. माउसचं गाजलेलं पहिलं जाहीर प्रात्यक्षिक १९६८ सालचं. १९७२ मध्ये संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांनी मुलांसाठी वहीएवढा ‘पर्सनल कॉम्प्युटर’ कागदावर मांडला. त्याचा नमुना होता पुठ्ठ्याचा.

मग १९९३ चा न्यूटन, ॲपलचा पेनाने चालणारा छोटा संगणक, ज्याच्या अक्षरओळखीची टिंगल झाली. २००२ चा मायक्रोसॉफ्टचा टॅब्लेट पीसी. २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन दाखवताना भर सभेत स्टायलसची, म्हणजे पडद्यावर चालवायच्या पेनाची, थट्टा केली. २०१५ मध्ये त्यांच्याच कंपनीने आयपॅडवर लिहायची पेन्सिल विकायला काढली.

(सिम्प्युटरचं छायाचित्र. हळूहळू जवळ.)

आणि हा आपला. सिम्प्युटर. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांच्या पुढाकारातून आलेला, लिनक्सवर चालणारा, तळहातावर मावणारा. कीबोर्ड नाही, पेन आहे. मजकूर भारतीय भाषांत मोठ्याने वाचून दाखवावा म्हणून त्याच्यासाठी ‘ध्वनी’ नावाची प्रणाली लिहिली गेली. २००४ मध्ये बाजारात आला. फार खपला नाही.

(कागदपत्रं. अधिसूचनेचं पान.)

मग टॅब हा संगणक की नाही? ज्याला मोजायचंय त्याला विचारा. बाजाराची मोजणी करणारी गार्टनर ही कंपनी आपल्या पीसीच्या आकड्यांत मायक्रोसॉफ्टचा सरफेस टॅब धरत आली, आयपॅड सोडत आली. तशाच दुसऱ्या कंपनीने, आयडीसीने, सरफेसलाही टॅब्लेटच्या रांगेत बसवलं. आपल्या सीमाशुल्काच्या ८४७१ या शीर्षकाखाली दहा किलोपर्यंतच्या, सोबत नेता येणाऱ्या संगणकाचं वर्णन आहे: प्रक्रिया करणारा भाग, कीबोर्ड आणि पडदा. ऑगस्ट २०२३ मध्ये आयातीवर निर्बंधाची अधिसूचना निघाली, तेव्हा त्याच शीर्षकाखाली लॅपटॉपच्या शेजारी टॅब्लेटही होते. आता यातला कीबोर्ड कुठला? काचेवर उगवतो आणि मावळतो तो.

(गल्ली. बंद शटर.)

खालचं डीटीपीचं दुकान गेल्या वर्षी बंद झालं. टॅबचे हप्ते अजून चालू आहेत. जीएसटी भरायला भाच्याचा लॅपटॉप येतो.

(पुन्हा खोली. खिडकीतून ऊन तिरपं आलंय.)

‘महारा’ लिहून झालंय. शिरोरेघ अजून दिलेली नाही, ती शेवटी. ठिपका काचेवर थांबलाय. श्वास रोखलेला दिसेल.

ष.

(निवेदन नाही. पेनाचा आवाज.)